पाळी जाण्यापूर्वीची वर्षे

नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेत कापडाची जुनी पेढी आहे. खाली दुकान, वर दोन मजल्यांचे घर आणि त्या घरात नांदणाऱ्या तीन पिढ्या. थोरल्या सूनबाईंना घरात आणि बाजारातही सगळे ‘मोठ्या भाभी’ म्हणतात. वय ४६. सकाळचे सामायिक आणि स्वयंपाकघर आटोपले की दुपारी दोन ते पाच पेढीचा जमाखर्च त्याच पाहतात. व्यापाऱ्यांची देणी-घेणी त्यांना वही न उघडता सांगता येत, अशी त्यांची ख्याती होती.

यंदा चातुर्मास लागताच भाभींनी पर्युषणात अठाई करण्याचा मनोदय बोलून दाखवला. सासूबाईंना धन्यता वाटली. पारण्याला माहेरच्या कोणाकोणाला बोलवायचे, तपाची गीते कोणत्या दिवशी ठेवायची, याची बोलणी सुरू झाली. मात्र गेले आठ महिने भाभींच्या शरीरात काय चालले होते, याची कोणाला कल्पना नव्हती. पाळी कधी वीस दिवसांत येई, कधी दोन महिने येतच नसे. आली की दहा-अकरा दिवस चाले, गाठी पडत. पहाटे तीनला घामाने अंग चिंब होऊन जाग येई आणि मग त्या खिडकीशी बसून उजाडण्याची वाट पाहत. बिलातील आकडे दोनदा उलटसुलट लिहिले गेले. पंधरा वर्षे जुन्या गुमास्त्यावर त्या एकदा इतक्या ओरडल्या की दुकानातले गिऱ्हाईक उठून गेले. “हल्ली तुला झालंय तरी काय?” असे पतीने विचारले, तेव्हा त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. वय झाले, इतकेच त्यांना ठाऊक होते.

राखीला पुण्याहून आलेल्या मुलीने आईला जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेले पाहिले. हातात जड काही नव्हते, तरी दम लागला होता. दुसऱ्या दिवशी ती आईला नगरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.२ निघाले. अशा रक्तावर आठ दिवसांचे निराहार तप करण्याची तयारी घरात चालली होती आणि सर्वांच्या मनात केवळ पुण्यभाव होता.

हे घर कोणते, हा प्रश्न गौण आहे. पेढी कापडाऐवजी किराण्याची किंवा भांड्यांची धरली आणि गाव जालना वा जळगाव मानले, तरी चित्र फारसे बदलत नाही. पाळी सुरू होते तेव्हा मुलीला निदान आई-काकी दोन गोष्टी सांगतात. पाळी जाण्याच्या काळात स्त्रीला कोणी काही सांगत नाही.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते. पाश्चात्त्य देशांत ते वय ५१ च्या आसपास आहे. मात्र पाळी एका दिवसात थांबत नाही. त्याआधीची काही वर्षे, कोणाला दोन तर कोणाला सात-आठ, शरीर एका संक्रमणातून जाते. डॉक्टर त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात. मराठीत रजोनिवृत्तिपूर्व काळ म्हणता येईल. आपल्याकडे तो चाळिशीच्या पहिल्या काही वर्षांतच सुरू होऊ शकतो. मुलांच्या दहावी-बारावीचा, सासू-सासऱ्यांच्या आजारपणाचा आणि पेढीच्या वाढत्या जबाबदारीचाही हाच काळ असल्याने सगळा दोष ‘ताणा’वर टाकला जातो आणि मूळ कारण झाकले जाते.

या काळात संप्रेरके हळूहळू ओसरत जातात, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात प्रारंभीची वर्षे ओसरण्याची नसून हेलकाव्यांची असतात. स्त्रीच्या बीजांडकोशात जन्मतःच ठरलेला बीजांचा साठा असतो आणि चाळिशीनंतर तो संपत येतो. मेंदू बीजांडकोशाला अधिक जोराने संदेश पाठवतो, त्यामुळे इस्ट्रोजेन कधी पूर्वीपेक्षाही वर उसळते, कधी एकदम खाली येते. एखाद्या महिन्यात बीज बाहेर पडतच नाही. बीज बाहेर पडले नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. या दुसऱ्या संप्रेरकाचे काम गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालण्याचे. आवर घालणारे कोणी नसल्याने अस्तर वाढत राहते आणि मग एकदम, भरपूर आणि दीर्घकाळ रक्तस्राव होतो. भाभींच्या अकरा दिवसांचे हे एक सर्वसाधारण कारण. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, थायरॉइडचा दोष किंवा अस्तरातील बदल हीही कारणे असू शकतात, म्हणून सोनोग्राफी टाळून चालत नाही.

अंगातून वाफा निघण्याचे कारण मेंदूत आहे. शरीराचे तापमान राखणारे केंद्र इस्ट्रोजेनच्या चढउतारांनी अतिसंवेदनशील होते. एरवी ज्या किंचित उष्णतेकडे ते दुर्लक्ष करते, तीच आता त्याला धोक्याची वाटते आणि शरीर थंड करण्याची सगळी यंत्रणा एकदम सुरू होते. चेहरा-मान लाल होते, घाम फुटतो, छातीत धडधडते आणि दोन-चार मिनिटांनी थंडी वाजते. अमेरिकेत १९९६ पासून चालत आलेल्या एका दीर्घ अभ्यासात, ज्यांना या वाफांचा वारंवार त्रास झाला त्या स्त्रियांत तो टिकण्याचा मध्यक काळ सात वर्षांहून अधिक आढळला. ‘चार महिन्यांत जाईल’ या आश्वासनावर म्हणूनच विसंबू नये. ज्यांना सौम्य त्रास होतो किंवा मुळीच होत नाही, अशाही पुष्कळ स्त्रिया आहेत. शेजारीण निभावून गेली हा पुरावा होत नाही.

४५ वर्षे उलटलेल्या स्त्रीला ही अवस्था ओळखण्यासाठी सहसा संप्रेरकांच्या महागड्या तपासण्यांची गरज नसते. हेलकाव्यांच्या काळात आज घेतलेल्या रक्तातील आकडा पुढच्या आठवड्यात वेगळा येतो. त्याहून उपयोगी पडते ती साधी वही. व्यापारी घरांना रोजकीर्द ठेवण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही. पाळीची तारीख, किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी पडल्या का, रात्री किती वेळा जाग आली, कोणत्या दिवशी विनाकारण रडू आले, एवढे तीन महिने लिहिले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. तपासायचे असते ते निराळेच : हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, त्याखेरीज गर्भाशयमुखाची पॅप तपासणी आणि स्तनांची तपासणी.

बी-१२ विषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातच असते आणि जैन आहारात त्याचा स्रोत दूध व दुधाचे पदार्थ एवढाच. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर ते आणखी घटते. विस्मरण, हातापायांना मुंग्या, उदासी, थकवा ही त्याच्या अभावाची लक्षणे. थायरॉइड मंदावल्याचीही पुष्कळशी तीच लक्षणे आणि रजोनिवृत्तिपूर्व काळाचीही तीच. तिन्ही एकाच स्त्रीत एकत्र असणे दुर्मीळ नाही. एकावर उपचार करून दोन तशीच राहिली की ‘औषधाने काही फरक पडला नाही’ असे म्हणत ती स्त्री पुन्हा गप्प बसते.

आता आपल्या घरांतील एका नाजूक विषयाकडे वळावे लागेल. अनेक घरांत पाळीचे तीन दिवस आजही पाळले जातात. स्वयंपाकघर नाही, मंदिर वा स्थानक नाही, धर्मग्रंथाला स्पर्श नाही. ही प्रथा योग्य की अयोग्य, हा वाद इथे घालण्याचे कारण नाही. पण पाळी महिन्याच्या महिन्याला येते, हे गृहीत धरून ती बसवलेली आहे. ज्या स्त्रीला अठराव्या दिवशी पुन्हा पाळी येते, दहा दिवस चालते, मध्येच दोन दिवस थांबून पुन्हा डाग दिसतो, तिचा निम्मा महिना ‘बाजूला’ जातो. घरातल्या प्रत्येकाला, नोकरचाकरांनासुद्धा, तिच्या शरीराची तारीख कळते. एकत्र कुटुंबात जावेवर स्वयंपाकाचा भार पडतो आणि मग बोलणी होतात. या संकोचातून सुटण्यासाठी स्त्रिया जो मार्ग काढतात, तो प्रथेहूनही अधिक काळजीचा आहे : पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या.

लग्न, विधान, यात्रासंघ, पर्युषण किंवा दशलक्षण जवळ आले की औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना या गोळ्या आणल्या जातात. भाभींनीही गेल्या वर्षभरात तीन वेळा आणल्या होत्या आणि हे त्यांनी डॉक्टर बाईंना तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले. या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे कृत्रिम संप्रेरक असते. तरुण, निरोगी मुलीने डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद्या वेळी घेणे वेगळे. पंचेचाळिशीची स्त्री, तिचा रक्तदाब वाढलेला, वजन वाढलेले, पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, यकृताचा विकार असलेला किंवा अर्धशिशीचा त्रास असलेला, अशा कोणत्याही स्थितीत त्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे. दुसरे असे की, आधीच बेताल झालेल्या चक्रात या गोळ्या मधून-मधून घेतल्या की खरा रक्तस्राव कोणता आणि गोळी थांबवल्यामुळे आलेला कोणता, हे डॉक्टरांनाही उमगत नाही. मूळ आजार असेल तर तो पडद्याआड राहतो.

किती रक्तस्राव म्हणजे अति, याचा अंदाज स्त्रियांना नसतो, कारण तुलना करायला काही नसते. तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रात्री उठून बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, सात दिवसांहून अधिक काळ चालणे, २१ दिवसांच्या आत पुन्हा येणे, संबंधानंतर रक्त दिसणे, यांपैकी काहीही असेल तर तपासणी करून घ्यावी. उपाय पुष्कळ आहेत. पाळीच्या दिवसांपुरत्या घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्यांनी रक्तस्राव बराच घटतो. मात्र रक्ताच्या गुठळीचा इतिहास असणाऱ्यांना त्या देत नाहीत. गर्भाशयात बसवायचे, दिसायला तांबीसारखे पण आतून संप्रेरक सोडणारे एक साधन असते. काही वर्षे ते काम करते आणि काही महिन्यांतच रक्तस्राव अतिशय कमी होतो. (साधी तांबी उलट रक्तस्राव वाढवते, तेव्हा दोहोंत गल्लत नको.) या साधनाने पहिले तीन ते सहा महिने थेंबथेंब डाग लागत राहतात, ही गोष्ट अंतराय पाळणाऱ्या घरातील स्त्रीने आधीच जाणून घेतलेली बरी, अन्यथा दुसऱ्याच महिन्यात ते काढून टाकण्याचा आग्रह सुरू होतो.

आणि मग शेवटचा, आपल्याकडे बहुधा पहिलाच सुचवला जाणारा उपाय : पिशवी काढून टाकणे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तो गरीब मजूर स्त्रियांचा प्रश्न होता, असे समजून सधन घरांनी निश्चिंत राहू नये. मेडिक्लेम आहे, दिवाळीपूर्वी उरकून टाकू, कटकट संपेल, या भाषेत हा निर्णय बाजारपेठेतही होतो. मोठ्या गाठी, कर्करोगाची शक्यता, इतर उपायांनी न थांबलेला रक्तस्राव, अशा कारणांनी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते, यात शंका नाही. पण ती करण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि बीजांडकोशही काढणार आहात का, हे स्पष्ट विचारावे. बीजांडकोश काढले तर जे संक्रमण काही वर्षांत व्हायचे ते एका दिवसात होते. वाफा, निद्रानाश आणि हाडांची झीज सारे एकदम अंगावर येते.

भाभींना शस्त्रक्रियेची गरज नव्हती. त्यांना शिरेतून लोह देण्यात आले, रक्तस्रावावर औषध सुरू झाले. अडचण उरली ती अठाईची. मनोदय घरात जाहीर झाला होता, माहेरी निरोप गेला होता. मागे फिरणे म्हणजे भावना डळमळली असे लोक म्हणतील, ही त्यांची भीती. त्या साध्वीजींपुढे गेल्या, तेव्हा रिपोर्टचा कागद पर्समध्ये घडी करून ठेवलेला होता. साध्वीजींनी तो मागून घेतला, आकडा विचारला, आणि या वर्षी अठाईचे पच्चक्खाण देण्यास नकार दिला. तप बारा प्रकारचे सांगितले आहे; अनशन हा त्यातील एक. उणोदरी, रसपरित्याग, स्वाध्याय, वैयावृत्त्य, कायोत्सर्ग हीही तपेच आहेत आणि सोळाकारण भावनांत ‘शक्तितस्तप’ ही स्वतंत्र भावना आहे. शक्ती पाहून केलेले तप आणि शक्ती लपवून केलेले तप यांत शास्त्राला फरक दिसतो; तो श्रावकांच्या घरांनाही दिसायला हवा. भाभींनी पर्युषणात रोज दोन विगयांचा त्याग केला आणि दोन वेळ स्वाध्याय केला. घरी सासूबाई रुसतील अशी अपेक्षा होती. त्या रात्री प्रतिक्रमणानंतर सासूबाई बराच वेळ माळ हातात धरून बसल्या आणि म्हणाल्या, “सूनबाई, मीही दोन वर्षं अशीच काढली. तुझे सासरे समजायचे, माझा स्वभावच बिघडला. मीही तेच समजले.”

आहाराविषयी मासिकांतून जे सल्ले छापले जातात, ते जैन स्वयंपाकघरात बहुधा लागू पडत नाहीत. रक्तवाढीसाठी बीट-गाजर खा, असे सांगून काय उपयोग? पालेभाजी चातुर्मासात आणि तिथीला नाही. मूर्तिपूजक घरांतून तीळ आणि खजूर फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत वर्ज्य. मोड आलेले कडधान्य कित्येक घरांत कधीच नाही. तरीही वाट बंद होत नाही. बाजरी, राजगिरा, काळे हरभरे, चवळी, मसूर, सोयाबीन यांत लोह आहे. त्यावर लिंबू पिळले किंवा आवळा घेतला तर ते शरीरात अधिक शोषले जाते आणि जेवणासोबतच्या चहाने शोषण घटते. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते. हिमोग्लोबिन ७-८ वर आले असेल तर ही तूट ताटातून भरून निघत नाही, औषध लागतेच. कॅल्शियमची गरज त्याच शिफारशीनुसार दिवसाला १००० मिलिग्रॅम, रजोनिवृत्तीनंतर १२००. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि एक पेला दुधात साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी, दूध, पनीर, गरम केलेल्या ताकाची कढी आणि हिवाळ्यात तीळ, असा हिशेब घरच्या घरी बसतो. ही आकडेमोड कंटाळवाणी वाटेल. पण रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांत हाडांची घनता सर्वांत वेगाने घटते आणि साठीत घसरून मांडीचे हाड मोडल्यावर होणारी आकडेमोड याहून मोठी असते. हाडांना आहाराइतकाच भारही लागतो. रोज अर्धा-पाऊण तास झपाट्याने चालणे आणि आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम. दुकानाचे जिने त्यात धरू नयेत, ते भाभीही चढतच होत्या.

चौविहाराचा या काळात एक लाभ आहे. सूर्यास्तापूर्वी हलके जेवण झाले की रात्रीचा जडपणा आणि आम्लपित्त कमी होते आणि झोपेला मदत होते. अडचण पाण्याची. सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत, ऋतूप्रमाणे बारा ते चौदा तास, पाणी नाही. आणि रात्री दोनदा घामाने कपडे भिजताहेत. पाणी दिवसभरात विभागून, आठवण ठेवून प्यावे लागते. संध्याकाळी एकदम दोन तांबे प्यायल्याने रात्री उठावे तेवढे लागते. उकळलेले पाणी पूर्ण निवू द्यावे, कारण गरम पेय आणि तिखट दोन्ही वाफांना निमंत्रण देतात. ज्यांचे औषध झोपताना घ्यायचे आहे, त्यांनी ते गुपचूप बंद करण्याऐवजी डॉक्टरांना सूर्यास्ताची वेळ सांगावी. बहुतेक औषधांची वेळ बदलता येते, नाहीतर तेवढ्यापुरता तिविहार आहेच. थायरॉइडची गोळी नवकारसीचे पाणी घेतानाच घ्यावी आणि नाश्ता अर्धा-पाऊण तासाने करावा. सामायिकाच्या ४८ मिनिटांत श्वास मंदावतो, मन स्थिरावते, चिडचिडीचा जोर ओसरतो, असा कित्येकींचा अनुभव आहे. मात्र सामायिकाला वाफांवरचे औषध म्हणून मिरवणे हा सामायिकाचाही अपमान आणि औषधाचाही.

संप्रेरकांच्या उपचाराविषयी आपल्या घरांत दोन शंका असतात. पहिली कर्करोगाची. २००२ मध्ये अमेरिकेतील एक मोठी चाचणी स्तनकर्करोग व हृदयविकाराच्या वाढलेल्या जोखमीमुळे मध्येच थांबवली गेली आणि जगभर हे उपचार जवळजवळ बंद पडले. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दशक उलटले होते. नंतरच्या फेरविचारात तज्ज्ञांचे मत असे झाले की, साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, अन्यथा निरोगी स्त्रीला तीव्र त्रास असेल तर लाभ जोखमीपेक्षा सहसा अधिक असतो. ज्यांना स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा गंभीर आजार होऊन गेला आहे किंवा ज्यांच्या रक्तस्रावाचे कारण अजून सापडलेले नाही, त्यांना ते देत नाहीत. त्यांच्यासाठी संप्रेरकविरहित औषधे आहेत.

दुसरी शंका अहिंसेची, आणि ती रास्त आहे. १९४२ पासून अमेरिकेत विकले जाणारे इस्ट्रोजेनचे एक प्रसिद्ध औषध गाभण घोडींच्या मूत्रापासून बनते. त्यासाठी घोडींना गाभण ठेवून अरुंद ठाणात बांधले जाते. परंतु मानवी इस्ट्रोजेनसारखेच असणारे इस्ट्राडिओल वनस्पतिजन्य द्रव्यांपासून तयार होते आणि ते गोळी, त्वचेवर लावायचे जेल व पट्टी या रूपांत मिळते. या उद्योगाचा आरंभ मेक्सिकोतील एका रानटी कंदापासून झाला, हे कळल्यावर कंदमुळाचा प्रश्न कोणी काढील. त्याचे उत्तर आपापल्या गुरुमहाराजांकडे. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते आणि त्याच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचे असते. त्याला गोळीचा पर्याय विचारता येतो. कॅल्शियमच्या काही गोळ्या शिंपल्यांपासून, तर ड-३ जीवनसत्त्व बहुतांशी मेंढीच्या लोकरीतील मेणापासून बनते. दोहोंना पर्याय आहेत : खनिज कॅल्शियम कार्बोनेट आणि दगडफुलासारख्या शैवाकापासून काढलेले ड-३. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर हिरवी-तपकिरी खूण असते, औषधांवर ती असेलच असे नाही. म्हणून डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्याला विचारावे. शंकेपायी औषध मुकाट्याने कचऱ्यात टाकणाऱ्या आणि डॉक्टरांना ‘घेतलं’ म्हणून सांगणाऱ्या स्त्रिया थोड्या नाहीत.

हे पान पुरुषांनीही वाचावे, कारण पेढीवर आणि घरात निर्णय त्यांच्या शब्दाने होतात. भाभींच्या पतीने गल्ल्याजवळची खुर्ची पंख्याखाली हलवली आणि महिनाअखेरचे बिलांचे काम तीन महिन्यांसाठी धाकट्या भावाकडे दिले. गुमास्त्याची समजूत त्यांनीच घातली. याहून अधिक काही केले नाही. मात्र ‘तुला झालंय काय’ हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. पती-पत्नींतील दुराव्यालाही या काळात शारीरिक कारण असते. योनीचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार लघवीला जावे लागणे यांवर स्थानिक मलमाचे साधे उपचार आहेत, पण ते विचारायला शब्द सापडत नाहीत. ‘कोरडेपणा आहे’ एवढे दोन शब्द डॉक्टरांना पुरतात. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहणार नाही असे नव्हे. बारा महिने पूर्ण होईपर्यंत काळजी घ्यावी लागते. मन सतत खिन्न राहणे, जगणे नकोसे वाटणे ही वयाची लक्षणे मानून सोडून देऊ नयेत. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि उपचार आहेत.

एक सूचना घरातील आजीबाईंसाठीही. पाळी थांबून बारा महिने उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग तो एखादाच डाग का असेना, तर ती पाळी परत आलेली नसते. बहुतेक वेळा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्हही हेच असते आणि आरंभी सापडला तर तो बहुधा बरा होतो. तो डाग सुनेला किंवा मुलीला त्याच दिवशी सांगावा आणि त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. लग्नसराई किंवा दिवाळीचा सीझन संपण्याची वाट पाहू नये.